‘गहाळ’ या शब्दाची नोंद

कल्याणहून कर्जतकडे वळणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ येतात, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर दूर असल्यामुळे येथील नोकरदाराचे रोजचे तीन तास गाडीत जातात. या तीन तासांत एकाच डब्यात, ठरलेल्या जागी, वर्षानुवर्षे एकत्र प्रवास करणाऱ्या मंडळींना ‘ग्रुप’ म्हणतात. ग्रुपमधील वादांचे विषय ठरलेले असतात: कोणता फोन घ्यावा, कोणत्या पक्षाने काय केले, आणि पोलिसांवर विश्वास ठेवावा की नाही. प्रस्तुत लेखकाने अशा एका ग्रुपमध्ये बारा वर्षे प्रवास केला, आणि त्यातील बहुतेक काळ हे तीन वेगवेगळे विषय आहेत अशीच त्याची समजूत होती. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, एका साध्या फोनच्या निमित्ताने, मोडली.

ग्रुपची घडण समजल्याशिवाय हे वाद समजत नाहीत. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसवलेले शहर असून त्याचे विभाग आजही ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ अशाच नावांनी ओळखले जातात; अंबरनाथला अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिर, आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत आहे; तर बदलापूर गेल्या काही दशकांत मुंबईत घर न परवडणाऱ्या मराठी कुटुंबांनी भरत गेले. शेजारी शेजारी असूनही या शहरांचे राजकारण वेगळे आहे, कारण उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याण लोकसभा मतदारसंघात मोडतात, तर बदलापूर मुरबाड विधानसभेतून भिवंडी लोकसभेत जाते. त्यामुळे एकाच बाकावरचे दोघे वेगवेगळ्या खासदारांची बाजू घेऊन भांडत असतात, मात्र पोलिसांचा विषय निघाला की सर्वांचा अधिकारी एकच निघतो, कारण तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळात येतात. लेखकाच्या ग्रुपमध्ये फोनच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे उल्हासनगरचे एक सिंधी गृहस्थ होते, ज्यांना सगळे ‘शेठ’ म्हणत. एका वकिलांकडे कारकून असलेले अंबरनाथचे ‘काका’ होते. आणि बदलापूरहून खिडकीची जागा धरून येणारा, विमा कंपनीत काम करणारा एक तरुण होता.

गाडीच्या दरवाज्याचा प्रश्न या ग्रुपमध्ये जुना होता. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने काही साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या सुरू केल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी तीव्र विरोध केला आणि त्याच महिन्यात रेल्वेला त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. विरोध यंत्राला नव्हता, भाड्याला आणि गर्दीला होता. साधी गाडी रद्द झाली की तिच्यातील माणसे पुढच्या साध्या गाडीच्या दरवाज्यात लोंबकळतात, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. पुढे ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून पडून काही प्रवाशांचा मृत्यू झाला आणि साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा रेल्वेने केली, तेव्हा काकांनी तीन वर्षांपूर्वीचा तो सगळा वाद पुन्हा उकरून काढला. दरवाज्यात उभे राहणे हा धाडसाचा प्रकार नसून आत जागा नसल्याचा परिणाम आहे, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढील घटनेत चौकीतील पहिला प्रश्न ‘दारात का उभे होता?’ हाच होता.

गाडीचा वेग कमी होणाऱ्या ठिकाणी रुळांलगत काठी घेऊन थांबायचे, दरवाज्यात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर फटका मारायचा आणि खाली पडलेला फोन घेऊन पळायचे, या पद्धतीला मुंबईच्या उपनगरी मार्गावर ‘फटका’ म्हणतात आणि ती करणाऱ्यांना ‘फटका गँग’. ऑक्टोबर २०२४ मध्ये परतीच्या प्रवासात, कल्याण येण्यापूर्वी, लेखकाच्या मनगटावर असा फटका बसला. हात सुजला, फोन गेला, आणि तोल जाता जाता बदलापूरच्या तरुणाने मागून शर्ट धरला म्हणून जीव वाचला. रेल्वेच्या हद्दीतील गुन्ह्यांची नोंद राज्य शासनाचे लोहमार्ग पोलीस करतात, आणि रेल्वेच्या मालमत्तेचे व प्रवाशांचे संरक्षण हे केंद्राच्या अखत्यारीतील रेल्वे सुरक्षा दलाचे काम असते. खाकी दोघांची सारखीच दिसत असल्याने पहिला अर्धा तास चुकीच्या खोलीत गेला. योग्य चौकीत लेखकाची हकीकत शांतपणे ऐकून घेण्यात आली, पाणीही देण्यात आले, आणि नंतर जो कागद समोर आला त्यावर फोन ‘प्रवासात गहाळ झाला’ असे लिहिलेले होते.

‘गहाळ’ आणि ‘चोरीस गेला’ यांतील अंतर भाषेचे नाही, कायद्याचे आहे. गहाळ झालेल्या वस्तूचा फक्त दाखला मिळतो. त्यावर नवे सिम घेता येते, परंतु गुन्हा दाखल होत नाही, तपास अधिकारी नेमला जात नाही आणि त्या ठाण्याच्या गुन्ह्यांच्या आकड्यात भर पडत नाही. चोरी (किरकोळ रकमेची वगळता) आणि हिसकावणे हे मात्र दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे ज्यांत पोलिसांना न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय तपास सुरू करता येतो असे गुन्हे. आणि अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हिसकावून नेण्याचा स्वतंत्र गुन्हा कलम ३०४ मध्ये आला आहे. हे सर्व काकांना पाठ होते, परंतु काका त्या रात्री अंबरनाथला घरी होते, आणि सुजलेल्या हाताने, शेवटच्या गाड्यांची वेळ जवळ येत असताना, लेखकाने त्या कागदावर सही केली.

पुढचा आठवडाभर डब्यात हाच विषय चालला. बदलापूरच्या तरुणाचे म्हणणे असे की महागडा, ॲपलचा फोन असता तर तो कुठे आहे ते नकाशावर दिसले असते. स्वस्त फोन अखेर महागात पडतात. शेठ या मतावर चिडले, कारण त्यांचा धंदाच चोरीच्या बाजाराच्या कडेने चालतो आणि त्या बाजाराशी संबंध नको म्हणून ते बिलाशिवाय माल घेत नाहीत. प्रत्येक फोनला पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो, त्याला आयएमईआय म्हणतात आणि तो ‘स्टार हॅश शून्य सहा हॅश’ हे आकडे दाबले की दिसतो. मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी सेवेवर पोलिसांकडील तक्रारीची प्रत जोडून हा क्रमांक बंद करता येतो, आणि मग कोणत्याही कंपनीचे सिम त्या फोनमध्ये चालत नाही. शेठ म्हणाले, “बोर्ड मरतो, साहेब, पण डिस्प्ले जिवंत राहतो.” ज्या भागावर तो क्रमांक असतो तो निकामी झाला तरी पडदा, कॅमेरा आणि बॅटरी सुटी विकली जातात, नकाशावरचा ठिपका एखाद्या गल्लीपर्यंत नेतो, पण त्या गल्लीतले दार उघडायला पोलीसच लागतात, आणि ‘गहाळ’ लिहिलेल्या कागदावर कोणीही दार उघडत नाही. फोन कोणत्या कंपनीचा, या वादाचा निकाल शेठनी असा एका वाक्यात लावला आणि वाद फोनवरून पोलिसांवर गेला.

तेथून तो फुटेजवर गेला, आणि या तीन शहरांत फुटेजचा विषय निघाला की २०२४ हे वर्ष टाळता येत नाही. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरमधील हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, कल्याण पूर्वचे भाजपचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे पदाधिकारी महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार केल्याचा गुन्हा दाखल झाला, आणि त्या दालनातील कॅमेऱ्याचे चित्रण लगेच घराघरांतल्या फोनवर पोहोचले. पोलीस ठाण्यात कॅमेरे असावेत हे सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सांगितले होते. निरीक्षकांच्या खोलीपासून कोठडीपर्यंत सर्वत्र कॅमेरे, आणि चित्रण अठरा महिने, तशी सोय नसल्यास किमान एक वर्ष जपून ठेवणे, असा तो आदेश आहे. परंतु कोठडीतील मारहाणीचे चित्रण मागणाऱ्या सामान्य माणसाला अर्जावर अर्ज करावे लागतात. हिललाइनचे चित्रण बाहेर आले, कारण ते बाहेर यावे असे कोणाला तरी वाटले, हे काकांचे मत होते, आणि लेखकाला ते तेव्हाही पटले होते व आजही पटते.

बदलापूरच्या शाळेतील प्रकरणात नेमके उलटे घडले. ऑगस्ट २०२४ मध्ये बालवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घेण्यास झालेल्या विलंबाबद्दल पोलिसांवर कारवाई झाली, आणि शाळेतील काही दिवसांचे चित्रण उपलब्ध नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले. कॅमेरे होते, चित्रण नव्हते. २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात रुळांवर उतरलेल्या जमावाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या रोखून धरल्या. दगडफेक झाली, लाठीमार झाला, आणि त्यानंतर शहरातील इंटरनेट बंद करण्यात आले. इंटरनेट बंदीचा प्रत्येक आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलेले असले, तरी अंबरनाथला गाडीतून उतरवले गेलेले लोक त्या दिवशी फक्त एवढेच पाहत होते की घरी मुलांना फोन लागतो का.

त्या आठवड्यात ग्रुपमध्ये जे घडले ते लेखकाच्या मते या सर्व प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे आहे. रुळांवर उभ्या असलेल्या आपल्या शेजाऱ्यांची चित्रणे अनेकांनी अभिमानाने काढली होती, आणि अटकसत्र सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा तीच चित्रणे एकामागून एक पुसली गेली. शाळेने चित्रण दाखवावे म्हणून घोषणा देणाऱ्या लोकांनी स्वतःच्या फोनमधील चित्रण नष्ट केले, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण ते चित्रण पोलिसांच्या हाती गेल्यावर त्यातून कोणाचे नाव निघेल आणि कोणाचे गाळले जाईल याची खात्री त्यांच्यापैकी एकालाही नव्हती. बदलापूरच्या तरुणाने लाठीमाराची आठ मिनिटे पुसली. ती कदाचित एखाद्या निरपराधाला सोडवू शकली असती, हे त्याने स्वतःच पुढे कित्येकदा बोलून दाखवले.

मग २३ सप्टेंबर आला. शाळेच्या प्रकरणातील आरोपीला तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलिसांच्या वाहनात तो गोळीबारात ठार झाला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी डब्यात पेढे वाटले गेले, आणि ज्यांनी पेढा घेतला नाही त्यांच्याशी काही जण बरेच दिवस बोलले नाहीत. काकांनी घेतला नव्हता. “अरे, उद्या तुला धरला आणि गाडीत कॅमेरा नसला तर तू कोणाला विचारशील?” हा त्यांचा प्रश्न तेव्हा अनेकांना मुलींच्या विरोधातला वाटला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात वाहनातील पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरण्यात आल्याचे उच्च न्यायालयात समोर आले, आणि एप्रिलमध्ये न्यायालयाने विशेष तपास पथकाकडून चौकशीचे आदेश दिले. मुलींना न्याय मिळायला हवा होता, तो न्यायालयात, पुराव्याने आणि शिक्षेने. आरोपीवर खटलाच न चालल्यामुळे शाळेतील त्या नसलेल्या चित्रणाचा जबाब भर न्यायालयात देण्याची वेळ कोणावरही आली नाही, याचे दुःख लेखकाला त्या पेढ्याच्या डब्यापेक्षा जास्त झाले.

लेखकाचा फोन सापडला नाही. ‘गहाळ’ लिहिलेला दाखला बदलून घेण्यासाठी काकांनी अर्ज लिहून दिला, तो दोनदा नेऊन दिला गेला, त्याची पोच मिळाली, उत्तर आले नाही. परंतु त्या हिवाळ्यापासून ग्रुपमध्ये एक रीत पडली, जी कोणी ठरवली नाही. डब्यातील कोणाचेही पाकीट किंवा फोन गेला, तर तो एकटा उतरत नाही. आणखी दोघे त्याच्याबरोबर उतरतात, शेठ बिल आणि आयएमईआयची नोंद कशी शोधायची ते फोनवरून सांगतात, आणि काका असतील तर कागदावरील प्रत्येक शब्द सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचतात. मार्च २०२५ मध्ये डोंबिवलीला चढणाऱ्या एका मुलीचा फोन असाच गेला, तेव्हा तिच्याबरोबर तिघे उतरले. सव्वा तास लागला, तिघांनाही कामावर उशिराची खूण पडली, आणि बाहेर येताना तिच्या हातात प्रथम खबरीची प्रत होती, जिच्या दुसऱ्या ओळीत ‘हिसकावून नेला’ असे लिहिलेले होते.