कोणी पाहिले?

जानेवारी २०१८. औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे पूर्वजांनी कोठेही लिहिले वा सांगितलेले नाही. डार्विनचा सिद्धांत अभ्यासक्रमातून बदलावा. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे प्रतिवाद केला.

वस्तुतः सिद्धांत सांगतो तो माणूस आणि वानर यांचा समान पूर्वज. आणि राष्ट्रकूटांना तरी आज कोणी पाहिले आहे? मुखेडशेजारच्या कंधारचे अवशेष व शिलालेख त्यांची साक्ष देतात. जीवाश्मांची साक्षही त्याच जातीची.

श्रद्धा ज्याची त्याने खुशाल जपावी. परंतु तिच्यापायी मुखेडच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकातून सिद्धांत काढणे म्हणजे त्याचा विचाराचा अधिकार परस्पर हिरावणे. सिद्धांत खोडावा तो पुराव्याने, अधिकारपदाने नव्हे.