दाराजवळची जागा

ताई गेल्या त्या आठवड्यात आमच्या जुन्या क्रूचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुन्हा जागा झाला. कुणी साडीतले फोटो टाकले, कुणी लंडनच्या हॉटेलातले. त्या सगळ्या फोटोंत ताई हसऱ्या, देखण्या दिसतात. मला आठवतात त्या ब्रीफिंगच्या खोलीतल्या ताई.

सहारला अपरात्री पिकअपच्या गाडीतून उतरलो की विमानाकडे जाण्याआधी सगळा क्रू त्या खोलीत बसायचा. सुपरवायझर ताई. बाकीचे त्यांना मॅम म्हणत, मी ताई. निऱ्या, अंबाडा, नखं हे त्या एका नजरेत उरकत आणि मग प्रश्न सुरू होत. "तुझं दार कुठलं? ओव्हनमधून धूर येतोय, आधी काय करशील? कडेवर मूल असलेल्या बाईला स्लाइडवरून कसं उतरवशील?" कुणी अडखळलं तर रागवत नसत, पुन्हा विचारत. तरीही जमलं नाही तर त्याला त्या फ्लाइटवरून उतरवत, आणि तिथे कुणाचीही रदबदली चालत नसे. "आपल्याला घेतलंय ते दारांसाठी. चहा नंतर," असं म्हणत. दर 50 आसनांमागे एक केबिन क्रू हवा, हा नियम ट्रे वाटण्यासाठी झालेलाच नाही. निम्मीच दारं वापरून 90 सेकंदांत विमान रिकामं व्हायला हवं, या हिशेबाने सगळं चालतं. प्रवाशांना हे कुणी सांगत नाही, याची मला आजही खंत वाटते.

ताई रुजू झाल्या तो काळच निराळा होता. पहिल्याच गरोदरपणात हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रद्द केला. ताईंची लेक त्यानंतरची. आपल्याकडे विमानाच्या केबिनची प्रमुख बाईही असू शकते, यावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला तर 2011 उजाडलं. 5 सप्टेंबरच्या ब्रीफिंगमध्ये ताई नीरजा भनोतचं नाव घ्यायच्या. 1986 साली मुंबईहून निघालेल्या पॅन अ‍ॅमच्या विमानाचं कराचीत अपहरण झालं, तेव्हा केबिनची प्रमुख तीच होती. केबिन क्रूने वैमानिकांना वेळीच सावध केलं, ते निसटले, म्हणून ते विमान तिथून हलू शकलं नाही. नीरजा गेली तेव्हा तिच्या तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. ताई एवढंच सांगत आणि पुढे प्रश्नांकडे वळत.

दुबईहून येणारी रात्रीची एक फ्लाइट मी विसरू शकत नाही. रत्नागिरीकडच्या एका माणसाच्या छातीत कळ आली. डॉक्टरसाठी घोषणा झाली, प्रवाशांत कुणी डॉक्टर निघाला नाही. आम्ही आळीपाळीने छाती दाबत राहिलो. ताईंचे केस सुटले होते, बांगडी कधी वाकली ते त्यांनाही कळलं नसेल. गेला, असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नसतो. सगळे उपाय थकल्यावर ताईंनी त्याचे डोळे मिटले, त्याला सीटवर नीट बसवलं, पट्टा बांधला आणि ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलं. कुणीतरी ते आणखी वर ओढू लागलं, तर म्हणाल्या, "चेहरा झाकायचा नाही. घरी चाललाय तो." लँडिंगची तयारी सुरू होईपर्यंत त्या त्याच्या शेजारी बसून राहिल्या, मग उठून आपल्या दाराशी गेल्या. वरच्या कप्प्यात त्याची पिशवी होती, टँगचा डबा आणि टायगर बामच्या बाटल्या. ती त्यांनी स्वतः ग्राउंड स्टाफच्या हाती दिली, सही घेतली, आणि मग रिपोर्ट लिहायला बसल्या. त्या रिपोर्टात कुठलंही मिनिट सुटलेलं नव्हतं.

12 जून 2025 ला अहमदाबादचं विमान पडलं. संध्याकाळी मी ताईंना फोन केला. त्यांचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं. टीव्हीवर प्रवाशांचे आकडे चालले होते. ताईंनी विचारलं, "केबिनमध्ये किती जण होते?"

"दहा."

त्यांतली कितीतरी आपल्याकडची होती, पनवेलची, डोंबिवलीची, बदलापूरची. उड्डाणाच्या वेळी क्रू दाराजवळच्या जंपसीटवर बसून मनातल्या मनात उजळणी करतो: माझं दार कुठलं, बाहेर आग दिसली तर काय, लोकांना ओरडून काय सांगायचं. आम्ही त्याला सायलेंट रिव्ह्यू म्हणतो. ताईंनी तो आमच्याकडून किती घोटून घेतला होता! आणि ते विमान उडाल्यावर अर्ध्या मिनिटात कोसळलं.

"त्यांचा रिव्ह्यू तरी पुरा झाला असेल का गं?" ताई म्हणाल्या. मला बोलता आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ताई गेल्या. त्यांच्या ब्रीफिंगची कसलीच नोंद कुठे नाही. आम्हा काही जणांना ते पाठ आहे, इतकंच. त्यातली एक गोष्ट प्रवाशांच्या कामाची आहे, ती इथे लिहून ठेवते. विमानात बसलात की आपल्या सीटपासून पुढचं दार किती रांगांवर आहे आणि मागचं किती, ते मोजून ठेवा. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, सीटच्या पाठी हाताने चाचपत जावं लागतं. आणि पट्टा दाखवायला जी मुलगी किंवा जो मुलगा समोर उभा असेल, त्याच्याकडे तेवढा वेळ बघा.