चंचीपासून डबीपर्यंत

गुरुकुंज मोझरीच्या त्या घरात आजोबांची कापडी चंची अजून खुंटीला आहे. पान, सुपारी, कात, तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे, चुन्याची डबी, अडकित्ता. आणि सगळ्यात आत चकमक, म्हणजे गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि ठिणगी झेलायला कापूस. रात्री शेतात जागलीला जाणाऱ्याला एवढं पुरे असायचं.

नातवाने शाळेच्या वयात तशीच पत्र्याची डबी जमवली. सुई-दोरा, सुतळी, ब्लेडचा तुकडा, मेणबत्ती, काड्या. ऑक्टोबरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावचे गुरुदेवभक्त आश्रमात येत, तेव्हा सेवेला उभ्या असलेल्या या पोराची डबी दिवसभर उघडझाप करी. कुणाच्या पायात काटा, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलेला.

अमरावतीला कॉलेजात गेल्यावर डबीत घडीचा चाकू आला. १८९१पासून स्विस सैनिकांना मिळू लागलेल्या चाकूच्या धर्तीचा, खिशात सहज मावणारा. मग गळ आला, तार आली, लायटर आला.

चाकू बाळगणं गुन्हा आहे का, हे त्याने वकील मित्राला विचारलं ते तेव्हाच. १९५९च्या शस्त्र कायद्याखालचे नियम पात्याची मापं सांगतात: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद. त्यातही घरकाम, शेती, शास्त्र किंवा उद्योगासाठी बनवलेली अवजारं वगळलेली. म्हणून सोयाबीनच्या सोंगणीचा विळा आणि स्वयंपाकघरातली विळी या यादीत येत नाहीत. खिशातला चाकू तर या मापांच्या जवळपासही जात नाही.

पण तेवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१चं कलम ३७ आहे. सण, निवडणूक, तणाव असला की अमरावती शहरात पोलीस आयुक्त आणि मोझरीसारख्या भागात जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. त्या कलमात चाकू आहे, काठी आहे, लाठी आहे, दगडसुद्धा आहेत. इथे इंच मोजले जात नाहीत.

मेळघाट त्याहून कडक, आणि ते योग्यच आहे असं त्याचं ठाम मत. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातली शस्त्राची व्याख्या त्याने पहिल्यांदा वाचली तेव्हा त्याला आपली डबीच आठवली: सुरी, गळ, जाळं, फास. लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. धोका होईल अशी आग पेटवायचीही बंदी. उन्हाळ्यात सागाच्या वाळल्या पाचोळ्यावर पडलेली एक ठिणगी काय करते, हे सेमाडोह-कोलकासच्या वाटेवरची काळवंडलेली खोडं पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. आणि फासाची तार हरिणाला ओळखत नाही, वाघालाही नाही. अशा डब्यांच्या बाजारात मिळणाऱ्या तयार संचांत नेमक्या याच वस्तू एकत्र भरलेल्या असतात. त्या कुठे नेऊ नयेत हे सांगणारी चिठ्ठी आत असायला हवी, असं तो दुकानदारांना आवर्जून सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारची पोरं मेळघाटात निघाली. त्याने त्यांची डबी अंगणात रिकामी करायला लावली. गळ, तार, चाकू, लायटर बाजूला. शिट्टी, पट्ट्या, चिमटा, ओआरएस, छोटी बॅटरी आत.

“मंग दोरी कायनं कापाची, काका?” एकाने विचारलं.

“घरूनच कापून न्या न बाप्पा, चार तुकडे.”