गुरुवारची मुलगी

धाकटा भाऊ घानात नोकरीला लागला तेव्हा आईनं विचारलं होतं, "हे कुठं आलं रे?" त्यानं नकाशा उघडून पश्चिम आफ्रिकेवर बोट ठेवलं. आईनं चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, "समुद्र जवळ आहे ना? मग बरं." तिच्या लेखी समुद्राजवळची माणसं चांगली, कारण तिचं माहेर गोव्याचं!

भाऊ तेमा या बंदराच्या गावी राहतो. ग्रीनिचची शून्य रेखावृत्ताची रेषा त्याच्या गावातूनच जाते, म्हणून आमच्याहून तो साडेपाच तास मागे. "ताई, एकदा येऊन तर जा," हे त्याचं पालुपद सात वर्षं चाललं होतं. शेवटी 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पिवळ्या तापाची लस टोचून घेतली (त्याच्या दाखल्याशिवाय तिथं प्रवेश नाही) आणि मुंबईहून आदिस अबाबामार्गे अक्रा गाठलं.

खरं सांगते, घरातून निघताना मन थाऱ्यावर नव्हतं. मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. कित्तूरच्या लढाईला त्या ऑक्टोबरात 200 वर्षं झाली, त्यानिमित्त झालेल्या भाषण स्पर्धेत त्यानं राणी चन्नम्मांवर भाषण केलं, कानडीतून, आणि पहिला आला. बक्षीस समारंभाला "आई, येशील ना?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी पेपर तपासायचं निमित्त सांगितलं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यालाही कळलं होतं. ज्या घरात आजोबांनी सीमालढ्यात तुरुंग पाहिला, त्या घरातला नातू व्यासपीठावर कानडीतून बोलतो, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. निघताना तो पाया पडला, पण बोलला काही नाही.

भावानं गाडी आणि ड्रायव्हर दिला होता. ड्रायव्हरदादा पन्नाशीचे, एवे समाजाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा जन्म कुठल्या वाराचा?" मी गुरुवार सांगताच म्हणाले, "मग तुम्ही यावा." तिथं जन्मवारावरून नाव ठेवतात. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे, आणि 1957 साली देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारे क्वामे एन्क्रुमा शनिवारचे! मला आमच्या खेड्यातले सोमा, मंगळू, बुधा आठवले. आपण ती नावं जुनाट म्हणून टाकली. त्यांनी अभिमानानं जपली.

पहिला मुक्काम एल्मिनाचा. अक्रापासून पश्चिमेला तीन-साडेतीन तास. नारळीची झाडं, रंगीत होड्या, मासळीचा वास. क्षणभर वाटलं, मालवणलाच आलो. आणि मग तो पांढरा किल्ला दिसला. पोर्तुगीजांनी 1482 साली बांधलेला, म्हणजे ते गोव्यात यायच्या 28 वर्षं आधी. आधी व्यापार सोन्याचा, पुढं माणसांचा. किल्ला 1637 मध्ये डचांकडे गेला, 1872 मध्ये इंग्रजांकडे. मालक बदलले, कोठड्या त्याच राहिल्या.

स्त्रियांच्या कोठड्यांपुढं एक लहान अंगण आहे आणि वर गव्हर्नरचा सज्जा. तिथं उभा राहून तो खालच्या बायकांतली एक निवडत असे. वाटाड्या हे शांतपणे सांगत होता. कोठडीत प्रकाश जवळजवळ नाही, भिंतींना अजून कुबट वास. शेवटी समुद्राकडं उघडणारी चिंचोळी वाट. त्यातून जो गेला, तो परत आला नाही. किल्ल्याच्या मुख्य अंगणात पोर्तुगीजांनी प्रार्थनाघर बांधलं होतं. मी वीस वर्षं वर्गात गुलामांच्या व्यापारावर शिकवते. त्या दिवशी कळलं, आपण फक्त सनावळ्या शिकवत होतो.

तिथून कुमासीला, असांते लोकांच्या राजधानीत. वाटेत काकुमच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांतून बांधलेल्या दोरीच्या झुलत्या पुलांवरून चालले. खाली बघायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की पार होतो! कुमासीजवळच्या बोनविरे गावात केंटे कापड विणतात. माग अरुंद, पट्टी जेमतेम चार बोटं रुंद. अशा पट्ट्या जोडून अंगभर वस्त्र होतं. मागांचा आवाज ऐकून आमचं शहापूर-वडगाव आठवलं.

कुमासीच्या मान्हिया राजवाड्यातलं संग्रहालय मात्र चुकवू नये. इंग्रजांनी युद्धांत लुटून नेलेल्या सोन्याच्या वस्तूंपैकी 32 वस्तू 2024 मध्ये लंडनच्या दोन संग्रहालयांतून इथं आल्या, पण परत म्हणून नव्हे, उसन्या म्हणून! आपलंच सोनं उसनवारीनं पाहायचं!

तिथंच या असांतेवा यांची गोष्ट ऐकली. 1900 साली इंग्रज गव्हर्नरनं असांते लोकांचं पवित्र सुवर्णासन मागितलं. सरदार कचरत होते. तेव्हा एजिसूच्या या राजमाता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पुरुष लढत नसतील तर आम्ही बायका लढू. लढाई हरली, त्यांना सेशेल्स बेटांवर हद्दपार केलं, तिथंच 1921 मध्ये त्या वारल्या. पण आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही. 'या' म्हणजे गुरुवारची मुलगी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाठोपाठ मनात आलं, अशीच एक राणी माझ्या घरापासून पन्नास किलोमीटरवर इंग्रजांशी लढली, कैदेत वारली. तिच्यावर माझा मुलगा बोलला, आणि मी ऐकायला गेले नाही. कशासाठी? तर भाषेसाठी. ड्रायव्हरदादांनी विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "धूळ गेली डोळ्यांत."

शेवटचे दोन दिवस पूर्वेकडं, व्ली धबधब्याला. रानातून पाऊण तास चालत, ओढ्यावरचे लहान पूल ओलांडत जायचं. कड्यावर हजारो वटवाघळं लटकलेली. डोंगरापलीकडं टोगो देश. ड्रायव्हरदादांची आत्या पलीकडं राहते. हा सगळा पट्टा इंग्रजांच्या ताब्यातल्या टोगोलँडचा. 1956 च्या मे महिन्यात सार्वमत झालं आणि तो घानात गेला. दक्षिणेकडच्या एवे भागात मात्र बहुमत विरुद्ध होतं. 1956! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं.

मी विचारलं, "दादा, राग नाही येत?" ते म्हणाले, "वडिलांना यायचा. मलाही येतो कधी कधी." मग मोजून दाखवलं: घरी एवे, बाजारात त्वी, घरमालकाशी गा, साहेबाशी इंग्रजी. "पण मुलांशी फक्त एवे. ती जपली तर बाकीच्या कितीही येऊ देत." आपल्याकडं माय मरो, मावशी जगो म्हणतात. या माणसानं मायही जगवली होती आणि मावश्याही.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. नोव्हेंबर ते मार्च कोरडा हंगाम, तेव्हा जावं. शाकाहाऱ्यांनी चवळीची आमटी आणि तळलेली पिकी केळी मागावी, मात्र मासे नकोत हे आधी सांगावं. आणि डाव्या हातानं काही देऊ-घेऊ नये. हे आपल्याला शिकवायला नकोच!

घरी परतले त्या रात्री जेवणं झाल्यावर मुलाला म्हटलं, "ते भाषण म्हणून दाखव." तो माझ्याकडं बघत राहिला. "कानडीत आहे," म्हणाला. मी म्हटलं, "ठाऊक आहे. अडलं तिथं मराठीतून सांग."

तो उभा राहिला. आई सोफ्यावर सरसावून बसली. मला निम्मंच कळलं. वडिलांचा फोटो समोर भिंतीवर होता. त्यांना काय वाटलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. भाषण संपल्यावर टाळी पहिल्यांदा आईनं वाजवली.