शिष्यवृत्ती की करार?

ग्यॉटिंगेन

चि. मुक्ता,


दोन्ही नेमणूकपत्रं वाचली. शिष्यवृत्तीत हातात जास्त पडतं, म्हणून तुझा नि जावईबापूंचा कल तिकडे. फोनवर दादाचाही तोच सूर. मी मात्र म्हणेन, करारावरची नोकरी घे. कारण विमा.

बिस्मार्कने 1883 साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, तेव्हापासून इथे जर्मनीत विमा नोकरीशी बांधलेला आहे. हप्ता पगारातून परस्पर कापतात: मूळ दर 14.6 टक्के, वर विमासंस्थेची थोडी जादा आकारणी, आणि निम्मा भार मालकाचा. शिष्यवृत्तीवाला प्रयोगशाळेत कितीही राबला तरी कायद्याच्या लेखी तो नोकरदार नव्हे. आपला विमा त्याने आपणच बघायचा. मग स्वस्तातली खासगी पॉलिसी घेतली जाते, आणि आत बारीक अक्षरांत असतं की जुने आजार वगळून, बाळंतपण अमुक महिन्यांनंतर. तुझं थायरॉइड जुन्यातच जमा होणार. डाडसारख्या (DAAD, जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) संस्था आपल्या शिष्यवृत्तीधारकांचा विमा काढून देतात, पण तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही. माक्स प्लांक संस्थेनेसुद्धा 2015 पासून नव्या पीएचडीवाल्यांना शिष्यवृत्तीऐवजी करार द्यायला सुरुवात केली, ती उगाच नव्हे.

सार्वजनिक विम्याचं कार्ड दवाखान्यातल्या बाईने यंत्रात सरकवलं की काम झालं. चिठ्ठीवरच्या दर औषधामागे पाच ते दहा युरो काय ते द्यायचे. खासगीवाल्याच्या घरी नंतर बिल येतं. आधी स्वतः भरा, मग कंपनीच्या मागे लागा. अर्थात त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळायला आम्हाला महिने लागतात आणि खासगीवाला पुढे घुसतो. जावईबापू हेच तुणतुणं वाजवतील. वाजवू देत.

मुलाचा विचार आहे म्हणतेस. नोकरदार बाईला बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे रजा असते, उत्पन्न चालू राहून. शिवाय विम्याच्या खर्चात सुईण घरी येते. बाळाला फडक्यात घालून हातातल्या काट्याला टांगते, नाळ बघते, तुझे टाके बघते, दूध पुरतंय का विचारते. आमच्याकडची तर डिंकाचे लाडू कशाचे ते विचारत दोन खाऊन गेली.

बाळंतपणाला वहिनी येईलच. पण तुझ्या विम्यात नवरा-मुलं बसतात (नवऱ्याला कमाई नसेल तर त्याचा वेगळा हप्ताही नाही), आईवडील बसत नाहीत. व्हिसासाठी तिला किमान 30,000 युरोचा प्रवासी विमा काढावा लागेल, तोही अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरता. बीपी आणि साखर त्यात सहसा धरत नाहीत. तेव्हा मुक्कामभराची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये हवी, मोठ्या बॅगेत नको.

शिष्यवृत्ती देणाऱ्यांना एवढं विचार, की तिचा करार करून मिळेल का? काही ठिकाणी करतात. उत्तर लेखी माग. आणि तुझी ती अक्कलदाढ पुण्यातच काढून ये.

तुझी,
आत्या