पडली तर लागली

आमच्या पिढीची नेमबाजी थ्री-नॉट-थ्रीवर सुरू झाली. चांदमारीवर कागदी टार्गेटं असायचीच, पण खरा जीव अडकायचा तो फॉलिंग प्लेटच्या स्पर्धेत. मातीच्या बांधापुढे फूटभर चौरस लोखंडी प्लेटा ओळीने उभ्या, प्रत्येकीला चुन्याचा हात दिलेला. धापा टाकत यायचं, पालथं पडायचं, बोल्ट ओढायचा. ११ ग्रॅमची जड गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटायची आणि प्लेट धाडकन मागे पडायची. पडली तर लागली, उभी राहिली तर हुकली. पंचाला विचारायची गरजच नव्हती.

नंतर आलेल्या इन्सास रायफलची ५.५६ची गोळी जेमतेम चार ग्रॅमची. वेग ९०० मीटरच्या घरात, पण वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर धक्का थ्री-नॉट-थ्रीच्या निम्म्याहूनही कमी. जुनी जड प्लेट तिच्या माऱ्याने कधी नुसतीच थरथरते. पत्रा भेदण्यात मात्र ही पोरगेली गोळी कमी नाही. तिच्या जातीच्या एसएस-१०९ गोळीच्या टोकाशी पोलादी कणी असते, आणि ६०० मीटरवर साडेतीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा भेदावा या हिशेबाने ती घडवली गेली. ढकलणं वेगळं, भेदणं वेगळं, हे आम्हाला फार उशिरा कुणी समजावलं.

तेव्हाच्या प्लेटा मऊ लोखंडाच्या होत्या. त्यांना खळगे पडायचे, आणि खळग्यात बसलेली पुढची गोळी शिशाचे कण कुठेही उडवायची. आज कडक केलेलं पोलाद वापरतात, प्लेट किंचित पुढे झुकवतात, म्हणजे तुकडे जमिनीकडे जातात. हे आधीच व्हायला हवं होतं. दस्त्याच्या दणक्याने काळेनिळे झालेले खांदेही कुणाला परत नकोत. आणि २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर आमच्या पोलिसांच्या हातात हीच बोल्टवाली रायफल होती, समोर हल्लेखोरांकडे एके-४७. तिचे गोडवे गाताना ते विसरता येत नाही.

तरी जीव हळहळतो तो गोळी आणि आवाज यांच्या मधल्या वेळासाठी. ३०० मीटरवरच्या लोखंडाचा ‘टण्ण’ कानी यायला सव्वा सेकंदाच्या वर लागायचा. तेवढ्यात श्वास रोखलेला असायचा, सगळ्या फळीचाच. फेरी संपली की लाल निशाण, मग बादली-कुंचला घेऊन सगळे प्लेटांकडे. ताज्या चुन्यावर गोळीचा करडा ठसा, भोवती शिशाचे किरण. खालच्या डाव्या कोपऱ्यात ठसा दिसला की घोडा कुणी हिसकला ते सगळ्यांना कळायचं, आणि उस्ताद तिथेच त्याचं बोट धरून घोडा दाबायला शिकवायचे. परतताना रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, मोजून द्यायच्या. बुडावर ‘के एफ’ दिसलं की पुण्याची पोरं खूष व्हायची. ती खूण खडकीच्या दारूगोळा कारखान्याची; कारखाना १८६९चा, त्यांच्या घराजवळचा.

आता प्लेट आपोआप उभी राहते. सेन्सर ठसा टिपतो, पडद्यावर गुण दशांशात उमटतात. अशाच पडद्यासमोर सराव करून कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. त्या अचूकतेपुढे आमचा चुना काहीच नाही. पण डावीकडे बोट हिसकणाऱ्या पोराला त्याची चूक आता एकट्यालाच दिसते. ती सगळ्यांनी मिळून बघायची, त्याच्याबरोबर तीनशे मीटर चालत जाऊन, ही पद्धत तरी ठेवायला हवी होती.