थरथर हवेची

वराळ्याला वसतिगृहाच्या गच्चीवर आम्ही निजत असू, तेव्हा ताऱ्यांचे लुकलुकणे हा त्यांचाच गुण वाटे. वस्तुतः ती थरथर आपल्या डोक्यावरच्या हवेची. उष्ण-थंड हवेचे थर प्रकाशाला वाकवतात. म्हणून दुर्बीण कितीही मोठी केली तरी प्रतिमा पुसटच उमटते.

यावरचा उपाय घडवण्यात पुण्याच्या ‘आयुका’चा वाटा आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कॅलटेक आणि आयुका यांनी मिळून उभारलेली ‘रोबो-एओ’ यंत्रणा कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या १.५ मीटर दुर्बिणीवर बसवली गेली. अतिनील लेसरचा झोत आकाशात सोडायचा, हवेतून परतणाऱ्या प्रकाशावरून तिची वळणे मोजायची आणि एक इवलासा लवचीक आरसा सेकंदाला हजाराहून अधिक वेळा नेमका उलट वाकवायचा! तेही माणसाचा हात न लागता.

आयुकाची स्वतःची दोन मीटरची दुर्बीण तर आपल्याच जिल्ह्यात, गिरवलीला आहे, २००६ पासून. शाळेने मुलांना ती अवश्य दाखवावी. मात्र लवचीक आरसा हवेची थरथर काढतो, दिव्यांचा उजेड नव्हे. आणि तळेगावच्या बाजूने चढत गेलेल्या उजेडात आमच्या गच्चीवरचे कितीतरी तारे केव्हाच विरले आहेत.